पृथ्वीचं उत्तर येईपर्यंत

“बाई काय काम करतेय हो!” मी गोल काचेला नाक लावून म्हणालो. “चौबळ सरांनी हिला कुठून शोधून आणली असेल?”

बाहेर ती बाई दोन्ही मुठींनी आमचं दार बडवत होती. अंगावर काळी लोकरीची ओढणी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कमरेला विळा खोचलेला. आवाज पार बसला होता. मधेच ती खाली बसायची, कपाळ दाराला टेकवायची आणि पुन्हा उठून दार बडवायला लागायची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी दोन नाटकं बसवली होती, त्यामुळे आपल्याला अभिनयातलं कळतं असा माझा ठाम समज होता. कपाळ टेकवण्याची ती जागा मला फारच आवडली.

“सर, ती अभिनय करत नाहीये,” मृणाल शितोळे माझ्या मागून म्हणाली. मृणाल वनस्पतिशास्त्रातली, बडोद्यात वाढलेली. गुजराती तिला मराठीइतकंच येई आणि कच्छीही बऱ्यापैकी समजे. “तिचे सासरे काल पहाटे शेळ्या घेऊन गेले. संध्याकाळी शेळ्या एकट्याच परत आल्या. वस्तीतले सगळे बाप्ये गुरं घेऊन लांब चरायला गेलेत. ती रात्रीपासून शोधतेय. आपली गाडी मागतेय.”

“शेळ्या एकट्याच परत आल्या,” मी मान डोलावली. “संवादही चांगले लिहिलेत.”

हे सगळं मंगळावर चाललं होतं, हे आधी सांगायला हवं.

म्हणजे तसं कच्छमध्ये. पण आमच्यापुरता तो मंगळ होता. पुण्यातल्या एका हौशी विज्ञान संस्थेनं कच्छच्या एका उजाड, तांबूस माळावर पांढऱ्या कापडाचा घुमट उभारला होता आणि त्याला, मंगळाच्याच संस्कृत नावावरून, ‘लोहितांग तळ’ असं नाव दिलं होतं. माणसं मंगळावर गेली तर कशी राहतील, काय खातील, किती दिवसांत एकमेकांच्या नरड्याला हात घालतील, हे पाहण्यासाठी तिघांनी तिथे एकवीस दिवस काढायचे होते. बाहेर हवा नाही असं धरून चालायचं. बाहेर पाऊल टाकायचं तर चौदा किलोचं बोचकं पाठीवर घेऊन, कॅमेरा लावलेलं हेल्मेट चढवून. बाहेर माणूस, गाय, कुत्रं काहीही दिसलं तरी ते नाही असंच समजायचं, कारण मंगळावर गाय नसते.

अर्ज मागवले तेव्हा मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवत होतो. वय एक्केचाळीस. विभागप्रमुखाची खुर्ची माझ्याहून सात वर्षांनी धाकट्या माणसाला गेली होती आणि तो मला ‘हुपरीकर, जरा या’ म्हणून बोलावू लागला होता. अशा माणसाला मंगळ जवळचा वाटू लागतो. निवड झालेल्या तिघांत मी वयानं मोठा, एवढ्याच गुणावर मला कमांडर केलं. मी लगेच त्या नावाचा शिक्का करून घेतला. शैलजा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “घरातला गॅस सिलिंडर बदलायला शेजारच्या काकांना बोलवता आणि निघालात मंगळावर.” पण एकवीस दिवस नियम न मोडता पुरे झाले असते तर पुढच्या वर्षी परदेशातल्या तळावर जायची संधी होती आणि मग कोण कुणाला ‘जरा या’ म्हणतं ते मी बघणार होतो.

तिसरे डॉक्टर अस्लम नदाफ. कोल्हापूरचे, गोल पोटाचे, हसतमुख. दर सकाळी आमचा रक्तदाब मोजायचे आणि दर सकाळी “लई भारी” म्हणायचे.

आणि पृथ्वी म्हणजे चौबळ सर. निवृत्त शास्त्रज्ञ. नऊ किलोमीटरवरच्या गावात पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या खोलीत ते दोन संगणक घेऊन बसलेले असत. मंगळावरून पृथ्वीपर्यंत निरोप पोहोचायला जितका वेळ लागतो तितका आमच्या निरोपालाही लागावा, म्हणून संगणक प्रत्येक निरोप बारा मिनिटं अडवून धरायचा आणि मगच सोडायचा. जायला बारा, यायला बारा. “जेवण झालं का?” असं विचारलं तर उत्तर येईपर्यंत ताटं वाळलेली असायची. अगदीच जिवावर बेतलं तर एक लाल फोन होता. तो उचलला की थेट बोलणं व्हायचं, पण सराव तिथेच संपायचा. तो फोन एका छोट्या पेटीत कुलूपबंद होता आणि किल्ली कमांडरच्या गळ्यात. कमांडर ती आंघोळीलाही काढत नसे.

आता मला ती बाई खोटी का वाटली? त्यामागे फाफड्याची गोष्ट आहे.

सातव्या दिवशी एक माणूस हातगाडी घेऊन आमच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि गरम फाफडा तळायला लागला. सोबत जिलबी. आम्ही आठवडाभर पाण्यात भिजवलेला वाळवलेला भात खात होतो. मी चौबळ सरांना निरोप पाठवला, ‘बाहेर फाफडेवाला. हा सरावाचा भाग आहे का?’ चोवीस मिनिटांनी उत्तर आलं, ‘कुठला फाफडेवाला? आम्हाला काही कल्पना नाही.’ ते उत्तर येईस्तोवर नदाफ डॉक्टर दार उघडून पाव किलो घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवरून पत्रक आलं, ‘बाह्य प्रलोभन चाचणी: संघ अनुत्तीर्ण. वजा पंधरा गुण.’ फाफडेवाल्याला चौबळ सरांनीच पाठवलं होतं.

त्या पंधरा गुणांनी माझी झोप उडाली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो.

त्यामुळे तेराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती बाई दार बडवू लागली तेव्हा मला आनंदच झाला. म्हटलं, आली दुसरी परीक्षा. या खेपेला फाफडा नाही, करुणा. चौबळ सर माणूस हुशार.

“पृथ्वीला विचारू,” मी म्हणालो.

“काय विचारणार?” मृणाल म्हणाली.

“ही बाई त्यांनी पाठवलीय का.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

मी निरोप लिहिला. चोवीस मिनिटं आम्ही तिघं तिथे बसून राहिलो. दार वाजतच होतं. नदाफ डॉक्टर दोनदा उठले आणि दोनदा बसले. उत्तर आलं, ‘कुठली बाई? आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही.’

“बघा!” मी टेबलावर थाप मारली. “शब्दसुद्धा तेच! फाफड्याच्या वेळी हेच लिहिलं होतं. कुठला फाफडेवाला, कुठली बाई.”

मृणालनं तो निरोप पुन्हा वाचला. “सर, म्हणजे त्यांनी हो म्हटलं असतं तर ती खोटी, आणि नाही म्हटलं म्हणूनही खोटीच?”

“परीक्षा अशीच असते.”

“किल्ली द्या. मी फोन करते.”

“मृणाल, आठ दिवस राहिलेत फक्त.”

“त्या म्हाताऱ्याचे किती राहिलेत?”

नदाफ डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, “कमांडर, मी डॉक्टर म्हणून सांगतो. मार्च संपत आलाय. काल सकाळपासून बिनपाण्याचा माणूस या उन्हात म्हणजे लई वाईट. खरी असू दे, खोटी असू दे, बघून यायला काय जातंय?”

‘वजा तीस गुण जातात’ असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोललो नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

मग मला मधला मार्ग सुचला. आयुष्यात मला नेहमी मधला मार्ग सुचतो आणि नेहमी मी त्याच्या मधोमध अडकतो. मी म्हणालो, “आज दुपारी आपल्याला दगडांचे नमुने आणायला बाहेर जायचंच होतं. तीच फेरी आता करू. पोशाख घालून, सगळे नियम पाळून. वाटेत कुणी दिसलं तर दिसलं. म्हणजे परीक्षा असेल तरी आपण पास आणि खरं असेल तरी काम होईल.”

माझ्या या शहाणपणाला उंटावरचा शहाणा हा एकच शब्द मराठीत आहे, आणि कच्छमध्ये उंटही भरपूर.

पोशाख चढवायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. नदाफ डॉक्टर आमच्या पाठीवरच्या कड्या लावत होते, कारण त्या कड्या ज्याच्या त्याला लावता किंवा काढता येत नसत. दुसऱ्यानंच लावायच्या, दुसऱ्यानंच काढायच्या. पाठीवरच्या बोचक्यात दोन लिटर पाण्याची पिशवी, तिच्यातून निघालेली रबरी नळी खांद्यावरून हेल्मेटच्या आत तोंडाशी. बाहेर बाटली न्यायची नाही, कारण मंगळावर बाटलीला तोंड लावता येत नाही. मग आम्ही दोघं दोन दारांमधल्या छोट्या खोलीत जाऊन बसलो. हवेचा दाब सारखा होण्यासाठी तिथे पाच मिनिटं थांबायचा नियम होता. ती खोली प्लायवुडची होती. प्लायवुडला एक फट होती. त्या फटीतून त्या बाईचा डोळा आत बघत होता. दोन धडधाकट माणसं हंडे डोक्यावर घालून बाकावर गप्प बसली आहेत आणि एक जण घड्याळ बघतोय, हे ती पाच मिनिटं पाहत होती. दार वाजवणंसुद्धा तिनं बंद केलं होतं.

आम्ही बाहेर आलो. तिचं नाव जेठीबेन, हे मृणालनं हेल्मेटच्या आतून ओरडून विचारून घेतलं. आमच्या बॅटरीवरच्या चारचाकी गाडीत मागे सामानाची फळी होती, तिच्यावर जेठीबेन चढून बसली. मी नोंदवहीत वजन लिहायला हवं म्हणून लिहिलं, ‘खडकाचा नमुना, अंदाजे पन्नास किलो.’

गाडी ताशी आठ किलोमीटरनं चालायची. जेठीबेन मागून काठीनं दिशा दाखवायची. एका ठिकाणी शेळ्यांच्या लेंड्यांचा माग लागला, तो धरून आम्ही पश्चिमेला वळलो. हेल्मेटमधला पंखा घूं घूं करत होता. मधूनमधून मी नळीनं पाण्याचा घोट घेत होतो आणि आजूबाजूला छुपा कॅमेरा कुठे लावला असेल ते शोधत होतो. जेठीबेन गाडीवरून हाका मारत होती, “बापा! ओ बापा!” आवाज फुटतच नव्हता तिचा. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पाठीमागे अशी पोटातून हाक ऐकली की नाटक बसवणाऱ्यालाही कळतं. पण आता कळलं असं कबूल केलं तर मघाचं सगळं कबूल करावं लागलं असतं, म्हणून मी कॅमेराच शोधत राहिलो.

दोनच्या सुमाराला एका कोरड्या ओढ्यात, वेड्या बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, पांढऱ्या कपड्यांचं एक गाठोडं दिसलं. जेठीबेननं चालत्या गाडीवरून उडी टाकली.

तिचे सासरे, हमीरबापा, आडवे पडले होते. एक पाय घोट्यापाशी सुजून भलत्याच दिशेला वळलेला. ओठांवर पांढरा थर. डोळे अर्धवट उघडे. छाती हलत होती, पण इतकी हळू की मी वाकून दोनदा खात्री केली. हा माणूस अभिनय करत नव्हता. जगातला कुठलाही नट ओठ असे करू शकत नाही.

“सर,” मृणाल माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. “कडी काढा. पाण्याची पिशवी काढा.”

आता मी काय केलं ते सांगतो. हे मी शैलजालाही कधी सांगितलेलं नाही.

मी खांद्यावरचं यंत्र दाबलं आणि तळावर बोललो, “डॉक्टर, माणूस सापडला. जिवंत आहे. पाणी द्यायचं तर पोशाखाची कडी उघडावी लागेल. पृथ्वीला विचारा, परवानगी आहे का.”

“काय?” डॉक्टरांचा आवाज आला.

“पृथ्वीला विचारा. आम्ही उत्तराची वाट बघतो.”

मृणाल वळली. हेल्मेटच्या काचेतून तिचा चेहरा मला दिसला. ती माझ्या पाठीकडे आली आणि माझ्या बोचक्याच्या कडीला हात घातला. जाड हातमोज्यांत तिला ती निघेना. आणि मी दोन पावलं बाजूला सरकलो.

“थांब,” मी म्हणालो. “चोवीस मिनिटांचा प्रश्न आहे.”

हे वाक्य मी उच्चारलं. दोन लिटर पाणी पाठीवर घेऊन, एका तहानेल्या माणसाच्या उशाशी उभा राहून, मी हे वाक्य उच्चारलं. आणि माझा प्रश्न त्या वेळी कुठे होता? नऊ किलोमीटरवर पिठाच्या गिरणीच्या वर, एका संगणकात, आपली बारा मिनिटं भरण्याची वाट बघत.

तेवढ्यात हमीरबापांनी हात उचलला. फार कष्टानं. थरथरत तो हात वर आला, माझ्या दिशेनं आला आणि मग थोडा बाजूला वळून तसाच राहिला. ओठ हलले. पंख्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पाणी मागताहेत, एवढं मला समजलं. मी त्यांना दोन्ही हातांनी ‘थांबा, थांबा’ अशी खूण केली.

मृणालनं माझा नाद सोडला. ती जेठीबेनकडे वळली, माझ्या पाठीकडे बोट दाखवलं आणि हेल्मेटच्या आतून ओरडली, “एनी पाछळ पाणी छे!” याच्या पाठीत पाणी आहे.

जेठीबेनला मंगळ माहीत नव्हता, नियम माहीत नव्हते, गुण माहीत नव्हते. तिनं कमरेचा विळा काढला, डाव्या हातानं माझा खांदा धरून मला बसवलं, गाभण शेळीला बसवतात तसं, आणि एका झटक्यात माझी रबरी नळी कापली.

गार पाण्याची धार माझ्या मानेवरून पाठीत गेली. जेठीबेननं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं, ओढणीचा शेव त्याखाली धरून भिजवला आणि म्हाताऱ्याच्या ओठांवर थेंब थेंब पिळायला लागली. घाई नाही. एक थेंब, मग थांबणं, मग दुसरा. नळीमुळे मी तिला बांधलेलाच होतो. ती सरकेल तसा मीही गुडघ्यांवर सरकत होतो. मृणालनं तेवढ्यात बाभळीच्या खोडावर आपटून आपटून स्वतःची कडी तोडली होती, हेल्मेट फेकलं होतं आणि बापांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

खांद्यावरचं यंत्र खरखरलं. “कमांडर, ऐकताय काय?” डॉक्टर धापा टाकत होते. “पृथ्वी गेली खड्ड्यात. मी पेटीचं कुलूप दगडानं फोडलंय. चौबळ सरांची जीप निघाली. तुम्ही कुठं हाय ते सांगा आधी!”

मी सांगितलं. माझ्या डोक्यावर अजून हेल्मेट होतं. ते काढायचं मला सुचलंच नाही. आणि सुचलं असतं तरी कडी उघडायला कुणाला वेळ नव्हता.

हमीरबापा वाचले. तालुक्याच्या इस्पितळात त्यांना सलाइन लावलं, पायाला प्लास्टर घातलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, अजून तासभर गेला असता तर आणायची गरज पडली नसती. मी मनातल्या मनात पोशाखाची पस्तीस मिनिटं, प्लायवुडच्या खोलीतली पाच आणि निरोपाची चोवीस अशी बेरीज केली आणि तिथून बाहेर जाऊन उभा राहिलो.

संस्थेच्या अहवालात एकच ओळ आली, ‘सराव तेराव्या दिवशी समाप्त. कारण: पाण्याची नळी व पोशाख फाटल्याने कमांडरचा मृत्यू.’ मी घरी पोचल्यावर शैलजानं ती वाचली. म्हणाली, “मंगळावर मेलात ना? बरं झालं. आता मोरीतला नळ गळतोय तो बघा.”

निघण्याआधी आम्ही तिघं हमीरबापांच्या वस्तीवर गेलो होतो. ते बाजेवर बसले होते, प्लास्टरचा पाय समोर पसरून. जेठीबेननं बशीतून चहा दिला. मी माफी मागायची म्हणून वाक्यं पाठ करून गेलो होतो, पण पोशाखाशिवाय त्यांनी मला ओळखलंच नाही. मृणालनं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग तिला काहीतरी विचारलं. मृणालनं दोनच शब्दांत उत्तर दिलं. जेठीबेन ओढणी तोंडावर धरून हसली, बापाही बोळक्या तोंडानं हसले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“आशीर्वाद देताहेत,” मृणाल म्हणाली.

मी वाकून नमस्कार केला. त्यावर ते सगळे आणखी हसले.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. परदेशी तळ हुकला तो हुकलाच, पण दुसरंच काही झालं. इस्लामपूरच्या एका छोट्या वर्तमानपत्राचा वार्ताहर घरी आला. मी त्याला म्हटलं, नळी कापली गेली. छापून आलं, ‘माणुसकीसाठी मंगळ सोडला!’ मग शाळांची बोलावणी यायला लागली. पहिल्या वर्षी मी सांगायचो, नळी कापली गेली. दुसऱ्या वर्षी, आम्ही नळी कापली. तिसऱ्या वर्षापासून, मी जेठीबेनच्या कमरेचा विळा ओढला आणि क्षणाचाही विचार न करता स्वतःची नळी कापली. इथे मुलं टाळ्या वाजवतात. माझ्या हेल्मेटवरचा कॅमेरा पुढे बघत होता, पाठीमागचं त्यात काहीच आलेलं नव्हतं. आणि टाळ्या ऐकल्या की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं. विभागप्रमुखसुद्धा आता मला ‘हुपरीकर सर’ म्हणतात.

गेल्या महिन्यात मिरजेच्या एका शाळेत असंच भाषण झालं. टाळ्या झाल्या. शाल-नारळ झाला. मी चहाला वळलो तर मागच्या रांगेतून एक बाई उठून आली. केस अर्धे पांढरे. मृणाल शितोळे. तिची नणंद त्या शाळेत शिक्षिका होती, म्हणून ती सहज येऊन बसली होती.

माझ्या हातातला नारळ मला एकदम फार जड झाला.

“छान बोलता सर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं. राग नव्हता, टोमणा नव्हता.

“मृणाल, ते... मुलांना जरा गोष्टीसारखं सांगावं लागतं.”

“हो ना.”

आम्ही दोन कप घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिलो. नदाफ डॉक्टरांनी स्वतःचं इस्पितळ काढलंय, जेठीबेनची मुलगी नर्स झालीय, अशा गप्पा झाल्या. मृणाल दर दोन वर्षांनी वस्तीवर जात होती, हे मला माहीतच नव्हतं. हमीरबापा चार वर्षांपूर्वी गेले.

“शेवटपर्यंत तुमची आठवण काढायचे,” ती म्हणाली.

“माझी? मी पाणी दिलं नाही म्हणून?”

“पाण्याचं त्यांना आठवतच नव्हतं. तुम्ही आठवत होतात. त्यांनी हात वर केला होता बघा.”

“हो. पाणी मागायला.”

मृणालनं मान हलवली. “पाणी नव्हते मागत. तुम्ही समोर उभे, डोक्यावर हंडा, डबीत बोलताय, उत्तर येत नाही, परत बोलताय. त्यांना वाटलं हा माणूस वाट चुकलाय. या उन्हात मरेल बिचारा. म्हणून हात करून वस्तीची वाट दाखवत होते. म्हणत होते, तिकडे जा, सून घरी आहे, पाणी देईल.”

मैदानावर मुलं खो-खो खेळत होती. मी कप खाली ठेवला.

“मग त्या दिवशी वस्तीवर त्यांनी तुला विचारलं ते काय होतं? आशीर्वाद नव्हता तो.”

“नव्हता. तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, हाच का तो? पोचला का मग घरी?”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, अजून नाही.”

एवढं बोलून ती नणंदेकडे गेली. ज्या दिशेला बापांचा हात वळला होता ती दिशा मला स्पष्ट आठवत होती, आणि त्या हाताला मी केलेली ‘थांबा, थांबा’ ही खूणही.

परवा तासगावच्या शाळेत बोलावलं होतं. सातवी-आठवीची मुलं, पुढे मुख्याध्यापक, बाजूला शाल-नारळाचं ताट. नेहमीप्रमाणे बोलत बोलत मी कोरड्या ओढ्यापाशी आलो, बाभळीखाली आलो. मुलं टाळ्यांसाठी हात सरसावून बसली होती. मी पाण्याचा एक घोट घेतला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो विळा जेठीबेनच्या हातात दिला.